ख्रिस्ती श्रद्धेत प्रमाण कोणतं: बायबल, चर्च की विवेक?

रंकाळाकाठ
मंडळी, राजारामपुरीतल्या वाचनमंडळासाठी टिपण करतोय. ‘ख्रिस्ती लोक बायबल मानतात’ एवढ्यावर भागेल का? आणि पोप बोलतील ते सगळं बंधनकारक असतं का?

जुना_बावडेकर
नाही भागणार. बायबल म्हणजे कुठलं, इथंच पहिला घोळ होतो. नव्या कराराची 27 पुस्तकं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांची सारखीच. जुन्या करारात मात्र प्रोटेस्टंटांची 39, कॅथलिकांची 46. तोबीत, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, सिराख, बारूख आणि मक्काबींची दोन, ही ती जादा सात.

फरक कसा पडतो ते मृतांसाठीच्या प्रार्थनेवरून बघा. कॅथलिक 2 मक्काबी 12 (मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा 12 वा अध्याय) काढून दाखवतात: लढाईत पडलेल्यांच्या पापासाठी यहुदी सेनानी यहूदा सैन्यात वर्गणी काढतो आणि यरुशलेमला अर्पणासाठी पाठवतो. प्रोटेस्टंट म्हणणार, हे पुस्तकच आम्हाला प्रमाण नाही. त्यामुळे 66 पुस्तकांच्या मराठी प्रतीत हा उतारा शोधत बसू नका, तिथं तो नसतोच.

शिवाय कॅथलिकांना शास्त्र एकटं पुरत नाही. शास्त्र, प्रेषितांपासून (येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांपासून) चालत आलेली परंपरा, आणि दोन्हींचा अधिकृत अर्थ लावणारे पोप व बिशप, असं तिहेरी गणित. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेच्या 1965 च्या ‘देई वेर्बुम’ या दस्तऐवजाचा परिच्छेद 10 वाचा, अर्थ लावणारा अधिकार वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे, हेही तिथंच स्पष्ट लिहिलंय. टीकाकार नेमकं तेवढंच वाक्य गाळतात.

मंगळवारपेठ_12
पोपचं थोडक्यात. पोपनी विमानात पत्रकारांना दिलेलं उत्तर म्हणजे अचूक, म्हणजे चुकूच न शकणारी, शिकवण नव्हे. पहिल्या व्हॅटिकन धर्मसभेच्या 1870 च्या ठरावाप्रमाणे विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा हवा, पोपनी सर्वोच्च गुरू म्हणून बोलायला हवं आणि ती शिकवण अखिल चर्चवर कायमची बंधनकारक ठरवायला हवी. त्यानंतर असं उघड उदाहरण एकच, 1950 चं मरियेच्या स्वर्गोन्नयनाचं, म्हणजे येशूची आई मरिया सदेह स्वर्गात घेतली गेली या शिकवणीचं. बाकीच्या शिकवणीला मान द्यायचा, पण दर्जा वेगवेगळा.

रंकाळाकाठ
आणि आपल्याकडची प्रोटेस्टंट मंडळी?

जुना_बावडेकर
इथल्या जुन्या मंडळ्यांचं मूळ अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनमध्ये. मिशनरी वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. त्या प्रेस्बिटेरियन परंपरेचं वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रक (श्रद्धेची अधिकृत मांडणी) सांगतं की धर्मसभा चुकू शकतात, त्यामुळे शेवटचा निवाडा शास्त्राचा. म्हणून परंपरा टाकाऊ ठरत नाही. त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांत मांडताना तेही सन 325 च्या निकेया इथल्या धर्मसभेचीच भाषा वापरतात.

मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथात शास्त्र, परंपरा, बुद्धी आणि अनुभव अशी चौकट सांगतात, पण चौघांना समान मत नाही, शास्त्र पहिलं. विवेकासाठी, म्हणजे मनातल्या बऱ्यावाईटाच्या जाणिवेसाठी, रोमकरांस पत्र 2:15 घ्या.

टिपणात एक जपा. 2 तीमथ्य 3:16 (पौलाचं तीमथ्याला दुसरं पत्र) मधला, देवप्रेरित म्हटलेला ‘प्रत्येक शास्त्रलेख’ उद्धृत करताना आधीचं 15 वं वचनही द्या. तीमथ्याला बालपणापासून माहीत असलेलं शास्त्र म्हणजे यहुद्यांचं शास्त्र, नवा करार तेव्हा एकत्र झालाच नव्हता. आणि त्याच्या शेजारी 2 थेस्सलनीका 2:15 ठेवा, तिथं पौल तोंडी आणि पत्राने दिलेली शिकवण दोन्ही धरून राहा म्हणतो. वाचनमंडळात वाद रंगेल तो याच दोन वचनांवर.