पिप म्हणते ‘आहे’, पायथन म्हणते ‘नाही’. पांडाज गेलं कुठं?

संत्रेवाला_नागपूर:
बाबांची कळमना मार्केटात संत्र्याची अडत आहे. रोजच्या काटापट्ट्या मी सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) भरतो अन् पांडाजवर (पायथन ह्या प्रोग्रामिंग भाषेची, तक्त्यांवर हिशेब करणारी लायब्ररी) लिहिलेली माझी छोटी स्क्रिप्ट संध्याकाळी शेतकऱ्यागणिक हिशेब काढते. रविवारी काय अवदसा आठवली, पायथन ३.१३ टाकलं. तेव्हापासून फाइलवर डबल-क्लिक केलं की काळी खिडकी येते अन् डोळा लवायच्या आत गायब. शेवटी मोबाइलवर व्हिडिओ काढून, थांबवून थांबवून वाचलं: ‘नो मॉड्यूल नेम्ड पांडाज’. पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणारं टूल) पांडाज इन्स्टॉल केलं तर ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’, व्हर्जन २.०.३. दोनदा ३.१३ काढून परत टाकलं. तीन दिवस डोकं फोडून राहिलो. बाबा वहीत हिशेब करून राहिले, माझ्याशी बोलतही नाहीत. विंडोज १० आहे.

विदर्भ_टेक:
फॉरमॅट मारा, सुटका होईल.

संत्रेवाला_नागपूर:
भाऊ, टॅलीही ह्याच मशीनवर आहे. बाबा मलाच फॉरमॅट करतील.

धंतोलीकर:
फॉरमॅट काहून? उत्तर तुमच्या २.०.३ मध्येच आहे. पायथन ३.८ वर चालणारं ते शेवटचं पांडाज. म्हणजे जुनं ३.८ अजून मशीनवर आहे अन् तुमचं पिप त्याचंच आहे. बसवलेली पॅकेजेस जिथे राहतात ते साइट-पॅकेजेस फोल्डर प्रत्येक पायथनचं वेगळं असते. डबल-क्लिक केलं की पाय लाँचर (विंडोजवर कुठलं पायथन चालवायचं ते ठरवणारा प्रोग्राम) सगळ्यात नवं पायथन उचलतो. नुसतं पिप म्हटलं की पाथमध्ये (विंडोज कमांड शोधते त्या फोल्डरांची यादी) आधी सापडेल ते. ३.१३ टाकताना ‘ॲड टू पाथ’ची टिक राहिली असेल.

कमांड प्रॉम्प्टवर पाय, स्पेस, डॅश, शून्य, पी असं टाइप करा. कुठलं पायथन कुठे बसलंय ते दिसेल. मग: पाय -३.१३ -एम पिप इन्स्टॉल पांडाज. स्क्रिप्टही तिथूनच चालवा, म्हणजे एरर पाहायला कॅमेरा नको.

संत्रेवाला_नागपूर:
दोन्ही दिसले, ३.८ अन् ३.१३. पांडाज बसलं. पण आता नवीनच: ‘मॉड्यूल पांडाज हॅज नो ॲट्रिब्यूट रीड_सीएसव्ही’.

धंतोलीकर:
खरं सांगा, त्याच फोल्डरात पांडाज डॉट पीवाय नावाची फाइल केली होती का?

संत्रेवाला_नागपूर:
😐 केली होती. व्हिडिओ काढल्यावर, टेस्ट करायला.

धंतोलीकर:
नाव बदला. पायथन आधी स्क्रिप्टच्याच फोल्डरात शोधते, तुमची फाइल मिळाली की खऱ्या पांडाजपर्यंत जातच नाही. मीही एकदा रँडम डॉट पीवाय करून अख्खी रात्र घालवली आहे.

संत्रेवाला_नागपूर:
चाललं!! सव्वीस शेतकऱ्यांच्या पट्ट्या निघाल्या. ३.८ आता उडवू का?

धंतोलीकर:
तुमच्या बाकीच्या स्क्रिप्ट ३.१३ वर एकेकदा चालवून पाहा, मग उडवा. अन् सीझनमध्ये नका उडवू.