मदत हवी आहे: वार्निशनंतर बुमरँगच्या पात्यांचा कल टिकत नाही

संग्रहात ठेवण्याजोगं, पण फेकल्यावर नीट परत येणारं बुमरँग बनवतेय. उजव्या हाताचं, दोन पात्यांचं. प्लायवुड नाही, अक्रोड आणि मेपलच्या पातळ पट्ट्या साच्यावर वाकवून इपॉक्सीने चिकटवल्यात. यात लाकडाचे रेषे कोपरातून अखंड वळतात, ताकद तर मिळतेच आणि दिसतंही फार सुंदर. जाडी ६ मिमी, खालची बाजू सपाट.

कोरं लाकूड असताना मस्त परतत होतं. वार्निशचे थर वाळल्यावर मात्र टोकांचा वरचा कल उतरतो आणि ते खालूनच फिरून आधीच जमिनीला टेकतं. फेक तीच: मंद वारा, वाऱ्याच्या साधारण ४५ अंश उजवीकडे. दोन्ही पात्यांचं वजन तपासलंय, दोन्ही बाजूंना थरही सारखेच दिलेत.

पातं गरम हवेने तापवून, वाकवून, थंड होईपर्यंत धरून पाहिलं. कल येतो, पण दमट हवेत पुन्हा जातो. टोकांवर शिंपल्याचं जडावकाम असल्याने तिथे घासता येणार नाही, शिशाचं वजनही लावायचं नाही.

पुढच्या नगासाठी पट्ट्या चिकटवतानाच साच्यात कल द्यावा का, आणि टोकाशी किती मिमी? आणि हे तयार असलेलं वाचवायला वार्निश काढून दुसरं काही लावावं का?