नाकाचं ऑपरेशन करायचं, पण नाकातून जाणारी हवा मोजायची नाही?

लक्ष्मीनगरकर

नागपूरच्या रामदासपेठ-धंतोलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची पाटी शोधावी लागत नाही, आणि 'नाकाचं हाड वाढलंय' हे ऐकून घरी आलेला एक तरी माणूस आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतो. परवा पाळी माझ्या भाच्याची होती. वय २६, डावी नाकपुडी कायम चोंदलेली. डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म लाइटवर धरली, "हे बघा, पडदा डावीकडे गेलाय" म्हणाले आणि पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. मी विचारलं, डाव्या बाजूने हवा नेमकी किती कमी जाते? उत्तर आलं, "दिसतंय ना."

दिसतो तो पडदा, म्हणजे दोन नाकपुड्यांमधली भिंत. हवा कुठे दिसते? थोडाफार वाकडा पडदा बहुतेकांचा असतो, आणि तो घेऊन लोक रोज सकाळी फुटाळा तलावावर धावतात. सीटी म्हणजे आडव्या पडलेल्या माणसाच्या नाकाचा एका क्षणाचा फोटो. चष्म्याचा नंबर काढल्याशिवाय कोणी डोळ्यावर लेसर मारत नाही. इथे मात्र हवा नीट जावी म्हणून कापाकापी, आणि हवाच मोजायची नाही.

मोजायची सोय नाही असंही नाही. रायनोमॅनोमेट्रीत एका नाकपुडीला दाब मोजणारी नळी चिकटपट्टीने बसवतात, तोंडावर मास्क लावतात आणि दुसऱ्या नाकपुडीतून नेहमीसारखा श्वास घ्यायला सांगतात. १५० पास्कल दाबाला किती हवा गेली, हे यंत्र सांगतं. अकूस्टिक रायनोमेट्रीत आवाजाची लहर आत सोडून नाक कुठे किती अरुंद आहे ते काढतात, ते तंत्र १९८९ पासूनचं आहे. आणि अगदी स्वस्तातलं म्हणजे पीक नेझल इन्स्पिरेटरी फ्लो: मास्क, त्याला जोडलेली आकड्यांची नळी, तोंड मिटून नाकाने जोरात श्वास ओढायचा. निरोगी प्रौढाचा आकडा साधारण मिनिटाला १२० ते १५० लिटर. याला ना वीज लागते, ना वेगळी खोली.

माझं म्हणणं सरळ आहे. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, दोन्ही कागदावर हवेत. नसतील तर ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करू नये.

कानाकोपरा

मी हीच ऑपरेशनं करतो, त्यामुळे माझं बोलणं 'धंद्याची बाजू' समजून वाचलं तरी चालेल.

पडदा फक्त सीटीवर ठरवणारा डॉक्टर चुकतोच, त्याची वकिली मी करणार नाही. पण तुम्ही सुचवताय तो उपाय दिसतो तितका सरळ नाही. नाकाचा आकडा आणि नाकाची तक्रार यांचं आपसात फारसं पटत नाही. रायनोमॅनोमेट्रीत नाक ठणठणीत, आणि माणूस रात्रभर तोंड उघडून झोपतो. उलटही होतं. मेंथॉलची गोळी चघळा. नाक मोकळं झाल्यासारखं वाटेल, पण यंत्र लावलं तर नाकात हवेला होणारा प्रतिकार होता तेवढाच. कारण 'मोकळं' हे आपल्याला हवेच्या लिटरवरून कळत नाही, नाकाच्या अस्तराला लागणाऱ्या गारव्यावरून कळतं. तो गारवा ओळखणारं टीआरपीएम-८ नावाचं ग्राही असतं आणि मेंथॉल त्यालाच फसवतं.

आता दुसरं टोक. नाकाच्या आत बाजूच्या भिंतींवर टर्बिनेट नावाच्या मांसल पट्ट्या असतात. पूर्वी काही ठिकाणी त्या सढळ हाताने कापून टाकायचे. नाक आतून दालनासारखं मोकळं, आकडा झकास, आणि पेशंट म्हणतो श्वासच येत नाही, गुदमरतोय. याला एम्प्टी नोज सिंड्रोम म्हणतात. नागपूरकरांना वेगळं समजवायला नको. मे महिन्यात कूलरच्या ताट्यांमधलं सगळं गवत काढून टाका. हवेचा झोत वाढेल, हवा तर मोजून घ्या. पण त्या कूलरसमोर झोपणार कोण?

आकड्यालाच देव मानलं की सर्जन आकड्यासाठी कापायला लागतो. मला ती भीती जास्त वाटते.

महालचे अण्णा

तुम्ही मंडळी फार पुढे गेलात. आमच्याकडे शिवस्वरोदय या श्वासावरच्या जुन्या ग्रंथात हे सगळं सांगितलेलं आहे. एका वेळी एकच स्वर चालतो, कधी चंद्र म्हणजे डावा, कधी सूर्य म्हणजे उजवा. डावी नाकपुडी बंद वाटली म्हणून ऑपरेशन करायला धावायचं म्हणजे कमाल झाली. रोज जलनेती करा, कोमट पाणी, मीठ, बस.

कानाकोपरा

अण्णा, स्वर बदलतो हे अगदी खरं. १८९५ साली कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने तेच नोंदवलं, त्याला आता नेझल सायकल म्हणतात. काही तासांनी एका बाजूची टर्बिनेट फुगते, दुसरीकडची ओसरते. पण चंद्र-सूर्य आळीपाळीने येतात. वर्षानुवर्षं एकच बाजू बंद असेल तर तो स्वर नव्हे. जलनेती जरूर करा, पाणी मात्र उकळून कोमट केलेलं घ्या, थेट नळाचं नको. ॲलर्जीवाल्यांना त्याने बरं वाटतं. वाकडं कूर्चा-हाड पाण्याने सरळ होत नाही.

आणि लक्ष्मीनगरकर, हाच प्रश्न तुम्हालाही. सकाळी दहाला मोजू की दुपारी दोनला? डावी बाजू सकाळी एक आकडा देईल, जेवणानंतर दुसरा.

खापरखेडा_बॉयलर

डॉक्टरसाहेब, माफ करा, पण मोजलेला आकडा हलतो म्हणून मीटरच काढून टाका, हे आमच्या विजेच्या प्लांटमध्ये कोणी बोललं तर त्याला गेटबाहेर काढतील. आकडा हलत असेल तर मोजायची पद्धत बांधून घ्यायची असते.

मी वाचलं त्याप्रमाणे एकेक बाजू हलते, पण दोन्ही बाजू मिळूनचा प्रतिकार बराचसा स्थिर राहतो. शिवाय तुमच्याकडे नाक मोकळं करणारे थेंब आहेत. आधी मोजा, दोन्हीकडे थेंब घाला, दहा-पंधरा मिनिटं बाकावर बसवा, परत मोजा. सूज उतरली की नेझल सायकलही बाजूला पडते. थेंबांनंतर डावी बाजू उघडली तर दोष अस्तराच्या सुजेत आहे, म्हणजे ॲलर्जी, धूळ, सर्दी. नाही उघडली तर दोष सांगाड्यात, तुमची सुरी योग्य जागी. हा फरक नुसत्या डोळ्यांनी तुम्ही किती खात्रीने सांगता?

आमच्या इकडे राखेची धूळ, शहरात सिमेंट रोडची धूळ, पावसाळ्यानंतर गाजरगवत. अर्धं नागपूर सुजेमुळे चोंदलेलं असेल. त्या सगळ्यांचे पडदे सरळ करत बसणार का?

इंटर्न_बाप्पा

मोजणं मोजणं काय करून राहिले बे तुम्ही! आमच्या हातात मोजायले काय देतात ते ऐका. स्टीलची चपटी पट्टी, जीभ दाबायची. ते नाकाखाली आडवी धरायची, पेशंट श्वास सोडते, पट्टीवर दोन ढगं उमटतात, डावा लहान का उजवा लहान ते पाह्यचं. कोल्ड स्पॅच्युला टेस्ट म्हणतात त्याले. आता मे महिन्यात पंख्याखालच्या ओपीडीत पट्टीच चाळीस-बेचाळीस डिग्री गरम असते राजा, ढग येईन कुठून? पहिल्या पेशंटले दोन्ही बाजू बंद लिहून टाकल्या मी. सर म्हणे, मंग हा जिवंत कसा आहे?

लक्ष्मीनगरकर

हे वाचून हसू आलं, पण मी जे म्हणतोय ते हेच. पट्टीवरची वाफ बघणं हेसुद्धा मोजमापच आहे, तेही शंभराहून जास्त वर्षं जुनं. म्हणजे तत्त्व डॉक्टरांना मान्य आहे, अडलंय ते फक्त बरं साधन विकत घेण्यावर.

संत्राबर्फी

माझं सेप्टोप्लास्टीचं, म्हणजे पडदा सरळ करायचं ऑपरेशन झालंय आणि कुणीही काही मोजलं नव्हतं. तरी बोलते.

भूल देऊन केलं, दुखलं त्या मानाने कमी. त्रास झाला तो नाकात भरलेला पट्टीचा पॅक काढताना. नर्स म्हणाली "खोल श्वास घ्या ताई" आणि मग ती पट्टी निघतच राहिली, निघतच राहिली, मला वाटलं डोक्यातलं सगळं बाहेर येतंय. पुढचे काही दिवस वरच्या समोरच्या दातांना हात लावला तर ते आपले नाहीतच असं वाटायचं. पण सूज उतरल्यावर एका रात्री मी तोंड मिटून झोपले आणि सकाळी घसा कोरडा नव्हता. ज्याने वर्षानुवर्षं उशाशी पाण्याची बाटली ठेवलीय त्यालाच हे कळेल. स्टेरॉइडचा स्प्रे अजून चालू आहे, कारण ॲलर्जी आहे ती आहेच, डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं.

माझा आकडा १२० झाला की ९० राहिला, याने मला काय फरक पडणार आहे? मी श्वास विकत घ्यायला गेले होते, लिटर नाही.

लक्ष्मीनगरकर

ताई, तुम्हाला बरं वाटतंय याचा आनंदच आहे. पण इतका खर्च, इतका त्रास काढल्यावर बरं वाटणारच, असंही कोणी म्हणू शकतं. म्हणून तर आकडा हवा.

संत्राबर्फी

दादा, कोरडा घसा मनाचा खेळ असतो होय? तुमच्या भाच्याच्या उशाशी एक रात्र बसा आणि मग सांगा.

कानाकोपरा

लक्ष्मीनगरकरांचा टोमणा झोंबणारा असला तरी प्रश्न रास्त आहे, म्हणून पुराव्याबद्दल सांगतो. या ऑपरेशनच्या दोन मोठ्या चाचण्या गेल्या काही वर्षांत आल्या. नेदरलँड्समधली, २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेली, २०३ माणसांची. ब्रिटनमधली, २०२३ साली बीएमजे या तशाच नियतकालिकात, ३७८ माणसांची. ब्रिटनच्या चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले: एकाचं ऑपरेशन, दुसऱ्याला सहा महिने स्टेरॉइड आणि मिठाच्या पाण्याचा स्प्रे. सहा महिन्यांनी नाकाच्या त्रासाचा गुण, जो जितका कमी तितका चांगला, ऑपरेशनवाल्यांचा सरासरी १९.९ आणि स्प्रेवाल्यांचा ३९.५. डच चाचणीतही ऑपरेशनची बाजू वरचढ ठरली. हा मुख्य निकाल दोन्हीकडे कशावर लावला? पेशंटने भरलेल्या प्रश्नावलीवर. पास्कलवर नाही.

खापरखेडा_बॉयलर

पण त्या दोन्हींत कोणाचं ऑपरेशन झालं हे पेशंटला माहीत होतं की नाही? खोटं ऑपरेशन करून तुलना केलेली नाही. म्हणजे लक्ष्मीनगरकरांची शंका तिथेही उरतेच.

कानाकोपरा

उरते. खोटी भूल आणि खोटा पॅक देऊन अशी चाचणी करायची तर माणसं मिळणंही कठीण. पण इतका मोठा फरक नुसत्या समजुतीने पडतो, हे मला पटत नाही.

आणि हे बघा, ब्रिटनच्या चाचणीतही सरसकट कोणालाही घेतलं नव्हतं. नोज स्केल म्हणून पाच प्रश्नांची यादी आहे: नाक चोंदणं, अडथळा, नाकाने श्वास घ्यायला त्रास, झोपेला त्रास, व्यायामाच्या वेळी हवा पुरते की नाही. प्रत्येकाला ० ते ४ गुण, बेरजेला ५ ने गुणायचं, शंभरपैकी आकडा मिळतो. ३० च्या आत असाल तर चाचणीत प्रवेशच नाही. फुकट आहे, एक कागद आणि पेन लागतं. तुम्हाला सक्ती करायचीच असेल तर याची करा, मी पहिली सही करतो.

जोरात श्वास ओढायच्या मास्कवर माझा भरवसा कमी. पेशंटने किती जोर लावला यावर आकडा ठरतो, दोन्ही बाजू एकत्र मोजल्या जातात, आणि काहींच्या नाकपुडीची बाहेरची भिंत इतकी मऊ असते की जोरात ओढलं की तीच आत चिकटते. अशांसाठी मी गाल बाजूला ताणून विचारतो, आता कसं वाटतं? लगेच मोकळं वाटलं तर गडबड दाराशी आहे. तिथे नुसता पडदा सरळ करून पेशंट नाराजच होणार.

क्लेम_टेबल

मी मेडिक्लेमच्या फाइली बघते, म्हणून मध्ये पडते. बऱ्याच पॉलिसींत वाकड्या पडद्याच्या ऑपरेशनला दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो, आणि नाक दिसायला सुधारण्याचं ऑपरेशन बसतच नाही. त्यामुळे फाइलमध्ये एकच प्रश्न घोळतो: हे श्वासासाठी की दिसण्यासाठी? आकडा असेल तर खऱ्या पेशंटचं काम सोपं होईल.

कानाकोपरा

आणि तोच आकडा पुढच्या वर्षी 'अमुकच्या वर असेल तर क्लेम नामंजूर' अशा ओळीत बसेल. रात्रभर तोंडाने श्वास घेणारी बाई आकड्यात बसली नाही म्हणून पदरचे पैसे भरणार. माझ्या विरोधाचं खरं कारण हे आहे, बाकीचं सगळं तांत्रिक.

क्लेम_टेबल

तसं होणारच नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

लक्ष्मीनगरकर

मग फाइलला लावू नका, पेशंटच्या हातात द्या. नोज स्केल आणि हवेचा आकडा, दोन्ही, ऑपरेशनच्या आधी. सहा महिन्यांनी परत. ऑपरेशन करायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, यंत्राला ठरवू देऊ नका. पण उद्या भाचा म्हणाला की काहीच फरक नाही, तर तुम्ही 'दिसतंय ना' म्हणू नये, एवढंच.

कानाकोपरा

पेशंटच्या हातात, हे मला चालेल. मास्क नको, रायनोमॅनोमेट्री असेल तरच, एकेक बाजू वेगळी, थेंबांच्या आधी आणि नंतर. जिथे यंत्र नाही तिथे पाच प्रश्न आणि दुर्बिणीची तपासणी, आणि आधी काही आठवडे नीट स्प्रे मारून बघणं. भाच्याने स्प्रे मारून बघितलाय का?

लक्ष्मीनगरकर

नाही. कोणी दिलाच नाही. उलट नाक मोकळं करणारे थेंब तो मेडिकल स्टोअरमधून आणून रोज रात्री घालतो.

कानाकोपरा

अरे देवा. किती महिने? ते थेंब आठवड्याच्या वर घातले की सुटल्यावर नाक उलट जास्त चोंदतं. पडदा राहू द्या बाजूला, तारीख पुढे ढकला, आधी हे सोडवा. आणि सेकंड ओपिनियनला जाताना बाटली सोबत न्या.

खापरखेडा_बॉयलर

म्हणजे बिना मीटरची रीडिंग घेऊन थेट शटडाऊनची तारीख दिली होती. डॉक्टरसाहेब, एक विनंती: मोजाल तेव्हा खोलीचं तापमानही कागदावर लिहा.

इंटर्न_बाप्पा

मेमध्ये नका लिहू जी, कागद जळून जाईन.