विषय: मेल नक्की कुणाला पाठवायची? (सोमवारची काउन्सिल सभा)

प्रेषक: सचिव
शुक्रवार, ७ एप्रिल २०२३, सकाळी

नमस्कार मंडळी,

काल टेनेसीच्या विधानसभेने जस्टिन जोन्स आणि जस्टिन पिअर्सन या दोन आमदारांना ३० मार्चला सभागृहात परवानगीशिवाय बोलल्याबद्दल काढून टाकलं. त्यांनाच त्या जागांवर परत नेमा, असं सांगणारा एकच मसुदा काल संध्याकाळपासून यादीवर चार जणांनी फिरवला आहे आणि चारही ठिकाणी पत्ता वेगळा आहे. एकात मेम्फिस सिटी काउन्सिल, एकात विधानसभेचे सभापती सेक्स्टन, एकात गव्हर्नर ली आणि एकात नुसतं "टु हूम"च्या जागी कोरी ओळ. मला सकाळपासून फोन येत आहेत. ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी एकदाच लिहावं. सोमवारी सभा आहे, मधे ईस्टरची सुटी आहे, वेळ फार थोडा आहे.

– सचिव


प्रेषक: अण्णा, मर्फ्रीसबरो
शुक्रवार, दुपारी

सभापती नाही, गव्हर्नर नाही, मेम्फिस सिटी काउन्सिल तर नाहीच.

टेनेसीच्या राज्यघटनेचं कलम २, पोटकलम १५ बघा. मुदतीत जागा रिकामी झाली आणि पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीला १२ महिने किंवा जास्त उरले असतील, तर त्या मतदारसंघात पोटनिवडणूक होते. ती होईपर्यंत काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) विधिमंडळ हंगामी सदस्य निवडू शकतं. कुठली काउंटी? गेलेला सदस्य निवडून आला तेव्हा ज्या काउंटीत राहत होता ती. पुढची सार्वत्रिक निवडणूक नोव्हेंबर २०२४ मध्ये आहे, म्हणजे १९ महिने. त्यामुळे दोन्ही गोष्टी होणार, आधी हंगामी नेमणूक, मग पोटनिवडणूक.

आता जस्टिन जोन्स नॅशव्हिलचे, म्हणजे डेव्हिडसन काउंटी. इथे शहर आणि काउंटी १९६३ पासून एकच आहेत, म्हणून मेट्रो काउन्सिल हेच काउंटीचं विधिमंडळ. ४० सदस्य, ३५ वॉर्डांचे आणि ५ संपूर्ण काउंटीतून. जस्टिन पिअर्सन मेम्फिसचे, पण मेम्फिस शहर आणि शेल्बी काउंटी वेगवेगळी आहेत. तिथे निर्णय शेल्बी काउंटी कमिशनचा, १३ सदस्य. मेम्फिस सिटी काउन्सिलला पाठवलेली मेल कितीही चांगली असली तरी त्यांच्या हातात काही नाही.

आणखी एक. घटनेत "निवडू शकतं" असं आहे, "निवडलंच पाहिजे" असं नाही. काउन्सिलने काहीच केलं नाही तर पोटनिवडणुकीपर्यंत जागा रिकामी राहते. एका मतदारसंघात साधारण ७०,००० लोक, आणि अधिवेशनात बजेट अजून मंजूर व्हायचं आहे. मेलमध्ये हा मुद्दा पहिल्या दोन ओळींत यावा. भावना नंतर.


प्रेषक: दादा, ब्रेंटवुड
शुक्रवार, दुपारी

अण्णा, मसुदा चांगला आहे, पण यादीवरचे बहुतेक लोक ब्रेंटवुड-फ्रँकलिनला राहतात. आम्ही विल्यमसन काउंटीत. मेट्रो काउन्सिलमध्ये आमचा सदस्यच नाही. मग आम्ही पाठवायची कुणाला?


प्रेषक: अण्णा, मर्फ्रीसबरो
शुक्रवार, संध्याकाळी

दादा, तुम्ही तुमच्या स्वतःच्या आमदारांना लिहा. ३ एप्रिलला हकालपट्टीचे जे तीन ठराव दाखल झाले, ते मांडणाऱ्यांत ब्रेंटवुडचे जिनो बल्सो आहेत. त्यांचे मतदार तुम्ही, आम्ही नाही. कुठे राहता तो पत्ता मेलच्या वरच लिहा, नाहीतर बाहेरच्या माणसाची मेल म्हणून बाजूला टाकतात. आणि कुणी "मी नॅशव्हिलकर" असं लिहू नका. फ्रँकलिनचा पिनकोड मेट्रो काउन्सिलच्या सदस्याला पाठ असतो.

बेल मीड, ओक हिल, फॉरेस्ट हिल्सवाल्यांनी मात्र गोंधळू नये. तुमची स्वतःची छोटी पालिका असली तरी तुम्ही डेव्हिडसन काउंटीतच आहात आणि मेट्रो काउन्सिलमध्ये तुमचा सदस्य आहे.


प्रेषक: नाना, मेम्फिस
शनिवार, ८ एप्रिल

मेम्फिसबद्दल नॅशव्हिलमधून सूचना येत आहेत, म्हणून लिहितो. आमच्या कमिशनला हे पोटकलम कुणी शिकवायची गरज नाही. ते त्यांनी दोनच महिन्यांपूर्वी वापरलं आहे. आमदार बार्बरा कूपर यांच्या निधनाने जागा रिकामी झाली, पिअर्सन २४ जानेवारीची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) जिंकले आणि १ फेब्रुवारीला याच कमिशनने त्यांना हंगामी म्हणून नेमलं. मार्चमधली निवडणूक नंतर झाली. माणूस तोच, जागा तीच, पोटकलमही तेच. आमचा मसुदा आम्ही करतो, नॅशव्हिलचा चिकटवू नका.


प्रेषक: माई
शनिवार, रात्री

नानांचं बरोबर. पण खरी अडचण नॅशव्हिलला आहे आणि तिच्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. मेट्रो काउन्सिलच्या कामकाजाच्या नियमाप्रमाणे रिकाम्या जागेसाठी नाव सुचवणं आणि त्यावर मत घेणं हे एकाच सभेत होत नाही. तो नियम आधी तहकूब करावा लागेल. तो तहकूब झाला नाही तर नावं येतील आणि मत पुढच्या सभेवर जाईल, तोवर अधिवेशन संपायला आलेलं असेल. तेव्हा "जोन्स यांना निवडा" एवढंच लिहून भागणार नाही. "नियम तहकूब करण्याच्या प्रस्तावाला हरकत घेऊ नका आणि त्याच सभेत मतदान घ्या" असं स्पष्ट लिहा. ज्या सदस्याचं मत आधीच पक्कं आहे त्यालाही ही ओळ हवी, कारण सभेला हजर राहणं हेच तिथे अर्धं काम आहे.


प्रेषक: खजिनदार
शनिवार, रात्री

मसुद्याच्या खाली मंडळाचं नाव आणि लोगो आहे. तो काढा. आपण करमुक्त संस्था आहोत, कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात मंडळाच्या नावाने एक ओळसुद्धा जाऊ शकत नाही. आज ही नेमणूक आहे, पण उद्या हेच दोघे पोटनिवडणुकीत उमेदवार असतील. प्रत्येकाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मेल-पत्त्यावरून पाठवावी. मंडळाची मेल-यादी त्यासाठी कुणाला देणार नाही, आधीच सांगते.


प्रेषक: दादा, ब्रेंटवुड
रविवार, ९ एप्रिल

ताई, मान्य. पण मला मूळ गोष्ट कळत नाही. तिघे एकत्र वेलमध्ये (सभापतींसमोरच्या मोकळ्या जागेत) गेले, मग तिसऱ्या आमदार ग्लोरिया जॉन्सन वाचल्या कशा? आणि महाराष्ट्रात २०२१ मध्ये १२ आमदारांना असंच काढलं होतं ना, ते सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. इथे सरळ कोर्टात का जात नाहीत?


प्रेषक: अण्णा, मर्फ्रीसबरो
रविवार, संध्याकाळी

दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी गणित.

त्याच कलम २ च्या पोटकलम १२ प्रमाणे सभागृहाला बेशिस्त वर्तनासाठी सदस्याला शिक्षा करता येते, आणि दोन-तृतीयांश मतांनी काढता येतं. सभागृह ९९ जणांचं, म्हणून ६६ मतं लागतात. हजर किती हे बघत नाहीत, त्यामुळे गैरहजर राहणारा किंवा मत न देणारा प्रत्यक्षात "नाही"च्या बाजूला जातो. रिपब्लिकन ७५ आहेत. जोन्स ७२–२५, पिअर्सन ६९–२६, जॉन्सन ६५–३०. एक मत कमी पडलं. ३० मार्चला मेगाफोन जोन्स आणि पिअर्सन यांच्या हातात होता, जॉन्सन यांच्या हातात नव्हता. त्यांच्या बाजूने हाच मुद्दा मांडला गेला आणि काही रिपब्लिकनांनी तो धरला. जॉन्सन गोऱ्या आहेत आणि दोघे जस्टिन काळे आहेत हा दुसरा भाग. तो जॉन्सन यांनी स्वतःच बाहेर येऊन बोलून दाखवला. मला तो टाळून पुढे जाता येत नाही.

किती जड शिक्षा आहे तेही लक्षात घ्या. याआधी याच सभागृहाने १९८० मध्ये लाचेच्या प्रकरणात एकाला काढलं आणि २०१६ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांनंतर जेरेमी डरहॅम यांना ७०–२ ने. नॅशव्हिलच्या कव्हेनंट शाळेत २७ मार्चला गोळीबारात नऊ वर्षांची तीन मुलं आणि तीन मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर तीन दिवसांनी बोलायची परवानगी न घेता बोलणं या दोन प्रकरणांच्या रांगेत बसवलं गेलं.

आता महाराष्ट्राचं. ५ जुलै २०२१ चं ते निलंबन होतं, हकालपट्टी नव्हे. एक वर्षाचं. सुप्रीम कोर्टाने २८ जानेवारी २०२२ ला ते याच मुद्द्यावर मोडलं. आमदार पदावर आहे म्हणून पोटनिवडणूक नाही, आणि सभागृहात येऊ शकत नाही म्हणून प्रतिनिधीही नाही. मतदारसंघ अधांतरी. निलंबन त्या अधिवेशनापुरतंच. इथे उलट आहे. शिक्षा जास्त कडक, पण जागा त्याच क्षणी रिकामी होते, म्हणून भरता येते. कोर्टाला महिने लागतात, काउन्सिलला एक सभा.


प्रेषक: माई
रविवार, रात्री

अण्णा, भारतातही हकालपट्टी होते. डिसेंबर २००५, पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचं प्रकरण, लोकसभेचे १० आणि राज्यसभेचा १. जळगाव आणि एरंडोलचे खासदार त्यात होते. तिथे दोन-तृतीयांशाची अट नव्हती, साध्या ठरावाने काढलं, आणि २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सभागृहाचा तो अधिकार मान्य केला. तेव्हा "भारतात कोर्ट वाचवतं" असं सरसकट कुणी समजू नये.


प्रेषक: नाना, मेम्फिस
सोमवार, १० एप्रिल, सकाळी

जळगाव राहू द्या. नेमणूक झाली आणि सभापतींनी शपथच दिली नाही तर? किंवा घेतलं आणि परवा पुन्हा काढलं?


प्रेषक: अण्णा, मर्फ्रीसबरो
सोमवार, दुपारी

पुन्हा काढणं: पोटकलम १२ मध्येच लिहिलंय, त्याच अपराधासाठी दुसऱ्यांदा काढता येत नाही. "त्याच" या शब्दावर जोर द्या. उद्या पुन्हा परवानगीशिवाय वेलमध्ये गेले तर तो नवा अपराध.

शपथ: सभापतींनी स्वतः द्यावी अशी गरज नाही, न्यायाधीश देऊ शकतात. आणि आत घ्यायचं नाकारलं तर १९६६ चं ज्युलियन बाँड प्रकरण आहे. जॉर्जियाच्या सभागृहाने त्यांना व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मतांमुळे बसू दिलं नाही, सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तिथे माणूस निवडून आलेला होता, इथे हंगामी नेमलेला असेल, एवढा फरक. सभापतींच्या कार्यालयाने काउंट्या ज्यांना नेमतील त्यांना बसवू असं म्हटलं आहे.

समित्या मात्र परत मिळतीलच असं नाही. त्या सभापती देतात. घटना खुर्ची परत देते, समिती देत नाही.


प्रेषक: माई
सोमवार, रात्री

झालं. नियम तहकूब झाला, एकाचीही हरकत नाही. जोन्स यांची नेमणूक ३६–० ने. तिथून जोन्स लोकांबरोबर चालत कॅपिटॉलला (विधानभवनाला) गेले, पायऱ्यांवर न्यायाधीश (इथे त्यांना चान्सलर म्हणतात) आयेशा माइल्स यांनी शपथ दिली आणि ते थेट सभागृहात गेले. गुरुवारी काढलं, सोमवारी आत. आजच तीन न्यायाधीशांनी मेट्रो काउन्सिल ४० वरून २० करायच्या राज्याच्या कायद्यालाही तात्पुरती स्थगिती दिली आहे. ज्यांनी सुटीत बसून मेल लिहिल्या त्या सगळ्यांचे मनापासून आभार.


प्रेषक: नाना, मेम्फिस
बुधवार, १२ एप्रिल

शेल्बी काउंटी: ७–०. तेरापैकी सातच हजर होते, म्हणजे निम्म्याहून जेमतेम जास्त. एक जरी घरी राहिला असता तर काय झालं असतं ते बघा. इथल्या ज्यांनी आपल्या कमिशनरला "सभेला या" एवढंच लिहिलं, त्यांनी योग्य तेच लिहिलं. पिअर्सन उद्या शपथ घेतील.


प्रेषक: दादा, ब्रेंटवुड
गुरुवार, २० एप्रिल

पोटनिवडणुकीच्या तारखा आल्या. प्रायमरी १५ जून, निवडणूक ३ ऑगस्ट. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात मतदार नोंदणीचं टेबल लावायचं का? हॉलच्या दारात जागा आहे. पाडव्याला जिथे पुस्तकं होती तिथेच.


प्रेषक: खजिनदार
गुरुवार, रात्री

टेबल लावायला हरकत नाही, नोंदणी कुठल्याही बाजूची नसते. पण टेबलावर कुणाचंही पत्रक, बिल्ला, फोटो नको. उमेदवाराला बोलवायचं झालं तर सगळ्या उमेदवारांना, एकाच पत्राने, सारखाच वेळ देऊन.


प्रेषक: माई
शनिवार, २२ एप्रिल

टेबलावर बसणाऱ्यांसाठी लिहिते. यातली एक चूकसुद्धा एखाद्या घराला फार महाग पडेल.

पहिला प्रश्न नेहमी "तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का?" हाच. ग्रीन कार्डवाले आणि एच-वनवाले (नोकरीच्या व्हिसावरचे) मतदार म्हणून नोंदणी करू शकत नाहीत. चुकून जरी "नागरिक" या चौकटीत खूण केली तरी पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडतो, आणि प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. शंका असेल त्याचा फॉर्म भरूच देऊ नका. मात्र हे सगळेजण लोकप्रतिनिधीला मेल लिहू शकतात, मोर्चाला येऊ शकतात, बिनपगारी मदत करू शकतात. प्रचाराला पैसे ग्रीन कार्डवाले देऊ शकतात, एच-वनवाले नाही, पाच डॉलरसुद्धा नाहीत.

टेनेसीच्या फॉर्मवर सोशल सिक्युरिटीचा पूर्ण नंबर लागतो. म्हणून भरलेले फॉर्म आपण गोळा करायचे नाहीत, टेबलावर राहू द्यायचे नाहीत. टेनेसीचं लायसन्स असेल तर ज्याने-त्याने स्वतःच्या फोनवरून राज्याच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी. आपण शेजारी उभं राहून मदत करायची, पण स्क्रीनकडे बघायचं नाही. पत्ता बदललेल्यांनाही विचारा. अँटिऑककडून स्मर्नाला गेलं की काउंटी बदलते, आणि मग नोंदणी नव्याने.

नोंदणी मतदानाच्या ३० दिवस आधी. १५ जूनसाठी १६ मे. ३ ऑगस्टचा हिशोब ४ जुलैवर येतो, त्या दिवशी सुटी, म्हणून ३ जुलैच्या आत उरका. केंद्रावर फोटो ओळखपत्र टेनेसीचं किंवा केंद्र सरकारचं चालतं. अमेरिकन पासपोर्ट चालतो. मुलांचं विद्यापीठाचं कार्ड किंवा दुसऱ्या राज्याचं लायसन्स चालत नाही.

अधिवेशन काल संपलं. धोकादायक माणसाकडची बंदूक कोर्टाच्या हुकमाने काही काळ काढून घ्यायचा कायदा गव्हर्नरांनी स्वतः मागितला होता, तोही न करता. आता ते खास अधिवेशन बोलावणार आहेत. तेव्हा दादा, बल्सो यांना दुसरी मेल पाठवायची वेळ येईल. पहिलीची प्रत जपून ठेवा आणि तिचा उल्लेख करूनच लिहा.

टेबलासाठी चार जण हवेत. त्यातला एक तरी जोन्स यांच्या मतदारसंघातला हवा, कारण आग्नेय नॅशव्हिलची सीमारेषा रस्त्यागणिक वळते आणि लोक तिथेच उभं राहून "माझं घर आत येतं का" असं विचारतील. नावं मला बुधवारपर्यंत कळवा.