मदत हवी आहे: भाड्याच्या फ्लॅटमधला पाइप गॅसचा मीटर आणि न जाळलेल्या गॅसचं बिल

तूरडाळ:
नमस्कार मंडळी, गॅसच्या बिलावरून डोक्याला शॉट झालाय, कोणी जाणकार असेल तर जरा सांगा. आम्ही १ ऑगस्टपासून वारज्यात टू बीएचके भाड्याने घेतलाय, ओनर काका नाशिकला असतात, सगळा व्यवहार एजंटमार्फतच झाला. आधीच्या घरी सिलेंडर होता, संपला की दुसरा लावायचा एवढंच माहीत, इथे पाइप गॅस आहे आणि हा मीटर प्रकार आम्हाला नवीन. तर पहिलं बिल आलंय, १० जुलै ते ९ सप्टेंबरचं, मागची बाकी धरून जवळपास तीन हजार. घरात मी आणि नवरा दोघंच, दुपारी दोघंही ऑफिसच्या कॅन्टीनला जेवतो, सकाळी चहा-पोहे आणि रात्री एक कुकर, पोळ्या, भाजी. एवढ्यात तीन हजाराचा गॅस जळला कुठे?

बिलावर मागील रीडिंग १२६८ आणि चालू रीडिंग १३०४ आहे, म्हणजे ३६ युनिट. मीटर ड्राय बाल्कनीत, काकांनी सुताराकडून त्याला वरपासून खालपर्यंत बंद कपाट करून घेतलंय आणि कपाटासमोर आमचं वॉशिंग मशीन. आज मशीन सरकवून टॉर्च मारून बघितलं तर ०१२८४ काळ्यावर आणि पुढे ६१५ लाल चौकटीत. हे बारा लाख आहे की १२८४? खाली पट्टीवर २.५ असंही काहीतरी छापलंय.

काका म्हणतात, "आत्ता भरून टाका, नाहीतर लाइन कापतील, हिशोबाचं मागाहून बघू." एजंट फोन उचलत नाही, ब्रोकरेज मिळेपर्यंत दिवसातून चारदा करायचा.

अजून एक, शेगडी आमची जुनीच आहे, एजंटच्या माणसाने येऊन पाइपला जोडून दिली, पण आच इतकी मंद की पोळी फुगायच्या आधी वाळते. प्रेशर कमी आहे की मीटरच बिघडलाय? आणि कनेक्शन आमच्या नावावर करून घ्यायचं का?

कढीपत्ता:
१२८४. काळे आकडे म्हणजे पूर्ण घनमीटर, म्हणजेच तुमचे युनिट, लाल म्हणजे पॉइंटच्या पुढचे, बिल काळ्यावरच होतं. लालमधला शेवटचा आकडा एक लिटरचा असतो म्हणून तो शेगडी चालू असताना फिरताना दिसतो. २.५ हे रीडिंग नाही, त्या मीटरमधून तासाला जास्तीत जास्त किती घनमीटर जाऊ शकतो ते आहे.

आता तुमचंच लिहिलेलं परत वाचा. बिलात १३०४ आणि मीटर आज १२८४. बिल मीटरच्या पुढे गेलंय म्हणजे मीटर वाचलेलाच नाही, अंदाजे टाकलंय. बिलावर रीडिंगच्या आसपास ॲक्च्युअल की एस्टिमेटेड असं काहीतरी असेल ते बघा. कोणी घरात नसलं किंवा मीटरपर्यंत पोचता आलं नाही की मागच्या वापरावरून सरासरी लावतात आणि तुमच्याकडे मागचा वापर म्हणजे आधीच्या भाडेकरूंचा.

फुरसत:
आधी कोण राहत होतं? शिवाय १० जुलैपासूनचं बिल आहे आणि तुम्ही आलात १ ऑगस्टला, म्हणजे जुलैचे तीन आठवडे तुमचे नाहीतच. आणि जीएसटी किती लावलाय बघा, त्यातपण गडबड असते.

कढीपत्ता:
@फुरसत, नॅचरल गॅसवर जीएसटी नाही हो, तो अजून जीएसटीच्या बाहेर आहे. राज्याचा व्हॅट लागतो, १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्रात तो १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणलाय. तिथे काही सापडणार नाही, युनिट धरा.

तूरडाळ:
बघितलं, एस्टिमेटेडच लिहिलंय, बारीक अक्षरात. आधी आयटीतली तीन पोरं होती, वॉचमन म्हणतो स्वयंपाकाला बाई दोन वेळा यायच्या. पण आम्ही आलो तेव्हाचं रीडिंग कोणीच घेतलं नव्हतं, ना काकांनी ना एजंटने. आता कसं सिद्ध करायचं?

पावशेर:
ताबा घेताना घराचा व्हिडिओ काढला नव्हता का? भिंतीवरचे डाग, तुटलेली टाइल वगैरे दाखवायला सगळेच काढतात, मागाहून डिपॉझिटमधून कापू नये म्हणून. त्यात ड्राय बाल्कनी आली असेल तर बघा, मशीन तेव्हा आलेलं नसणार.

नळजोड:
मी बरीच वर्षं गॅस फिटिंगचं काम केलंय म्हणून सांगतो, बिलाचं नंतर बघा, आधी ते कपाट. मीटर असा चारही बाजूंनी बंद करायचा नसतो. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर खाली फरशीवर पसरतो. पाइपातला गॅस मुख्यत्वे मिथेन, हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. कपाटाला वर जाळी नसेल तर गळलेला गॅस आतच वरच्या कोपऱ्यात कोंडून राहणार आणि वास तुम्हाला उशिरा येणार. दारं काढून ठेवा नाहीतर जाळीची करून घ्या, काकांना विचारत बसू नका, सांगा. आणि मशीन तिथून हलवा, कारण मीटरजवळची चावी अडीअडचणीला पटकन हाताला लागली पाहिजे. दांडी पाइपाच्या रेषेत असली की चालू, आडवी केली की बंद. घरातल्या दोघांनाही ती एकदा फिरवून बघायला सांगा.

आच मंद आहे त्याचं कारण मीटर नाही, शेगडी सिलेंडरची आहे. पाइपातला गॅस कमी दाबाने येतो आणि तेवढ्याच घनमीटरला उष्णताही कमी देतो, म्हणून त्याला जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोंडाचं, भोक मोठं लागतं. तुमच्या शेगडीत सिलेंडरचे बारीक जेट आहेत, गॅस पुरेसा येतच नाही. जेट बदलून घ्या. ड्रिल मारून भोक मोठं करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. आणि जुने जेट डबीत घालून जपून ठेवा, कारण उद्या सिलेंडरच्या घरी गेलात आणि हेच मोठे जेट राहिले तर ज्वाळा हातभर वर येतील, भांडी काळी होतील ते वेगळंच. रबरी नळीपण बघा, आयएसआय मार्कची, आत तार असलेली सुरक्षा नळी हवी, दीड मीटरच्या आत, आणि पाच वर्षं झाली असतील तर बदलायची. नळीवर साल छापलेलं असतं.

गळती बघायची तर रात्री सगळं बंद करून लाल आकड्यांचा फोटो काढा, सकाळी परत काढा. आकडा हलला तर गळती आहे. पण हलला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, अगदी बारीक गळती हे मीटर पकडतातच असं नाही, त्यामुळे जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचे. काडी ओढून बघणारे महाभाग मी पाहिलेत, तसलं काही करू नका. वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही, खिडक्या उघडायच्या, चावी आडवी करायची आणि बाहेर येऊन मग बिलावरच्या इमर्जन्सी नंबरला फोन.

तूरडाळ:
@पावशेर तुमच्या तोंडात साखर पडो, सापडलं! नवऱ्याने किचनचा ओटा शूट करता करता कपाटाचं दार उघडून दाखवलंय, पॉज करून झूम केलं तर १२७४ स्पष्ट दिसतंय, लाल आकडे मात्र हलल्यासारखे.
@नळजोड काका, दारं आत्ताच काढली, नवऱ्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मी ओनर काकांना फोटो पाठवला. नळीवर साल दिसतच नाही इतकी तेलकट आहे, नवीनच आणते.

कढीपत्ता:
मग झालंच की. १२६८ ते १२७४ हे ६ युनिट आधीच्यांचे, तिथून आजपर्यंतचे साडेदहा तुमचे. दोन माणसं, एक वेळचा स्वयंपाक, पटण्यासारखं आहे. सिलेंडरच्या हिशोबात सांगायचं तर १४.२ किलोची एक टाकी म्हणजे साधारण सतरा-अठरा युनिट. उलट ३६ युनिट जाळायचे तर नीट जेट असलेला मोठा बर्नर दोन महिने रोज दोन-अडीच तास फुल ठेवावा लागला असता.

आजच्या मीटरचा फोटो, ज्यात मीटरचा सिरीयल नंबरपण दिसेल असा, ग्राहक क्रमांकासकट कस्टमर केअरला पाठवा आणि खऱ्या रीडिंगवर बिल सुधारून मागा. शेवटच्या तारखेच्या आत करा. तसं जास्तीचं भरलंत तरी पुढे खरं रीडिंग झालं की ते वळतं होतंच, पण मधेच घर सोडलंत तर वळतं होणार पुढच्या भाडेकरूला. उलटं पण होतं, कमी अंदाजाची बिलं येत राहतात आणि एकदा मीटर वाचला की सगळं एकदम जो कोणी असेल त्याच्या डोक्यावर.

सोसायटीवाला:
मागच्या बाकीचं मी सांगतो, आमच्याकडे दर वर्षी एकतरी असं भांडण येतं. कंपनीला भाडेकरू माहीत नसतो, ती कनेक्शन ओळखते. बाकी राहिली तर पुरवठा बंद होतो आणि उपाशी तुम्ही राहता, त्यामुळे काकांचं अर्धं खरं आहे. पण ती बाकी आधीच्या पोरांची, त्यांचं डिपॉझिट काकांकडे होतं, त्यातून कापायचं काम काकांचं. तुम्ही फार तर भरा आणि पुढच्या भाड्यातून वजा करा, पण आधी व्हॉट्सॲपवर काकांचं "हो" लेखी घ्या. फोनवरच्या "बघू"ला काही अर्थ नाही.

नावावर करायच्या भानगडीत पडू नका, अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स तुमचं, कनेक्शनचं डिपॉझिट काकांनी भरलेलं, ते त्यांच्याच नावावर राहू दे. फक्त मोबाइल नंबर तुमचा लावायला सांगा म्हणजे बिलाचा आणि रीडिंगचा मेसेज तुम्हाला येईल. आणि पुढच्या करारात लाइट आणि गॅस दोन्ही मीटरचं सुरुवातीचं रीडिंग लिहूनच घ्या, एक ओळ लागते.

फुरसत:
जीएसटीचं माहीत नव्हतं, धन्यवाद. मी पण जाऊन आमचं बिल बघतो, आमचा मीटर डक्टमध्ये आहे, तिथे कोण वाचायला जातंय देव जाणे.

तूरडाळ:
अपडेट देते. फोटो पाठवला, सुधारलेलं बिल आलं, ३६ चे १६ युनिट झाले. काकांना व्हिडिओतला फोटो आणि हिशोब दोन्ही पाठवलं, आधी "एवढ्यासाठी काय" म्हणाले, मग मागची बाकी आणि वरचे ६ युनिट ऑक्टोबरच्या भाड्यातून कापायला हो म्हणाले, लेखी. कपाटाच्या दारांवरून मात्र रुसलेत, सागवानी आहेत म्हणे, ती गादीखाली नीट ठेवलीयत असं कळवलंय. नळी बदलली, साबणाचा फेसही लावून बघितला, बुडबुडे नाहीत.

जेट तेवढे राहिलेत. कंपनीकडे विचारलंय, पण वारजे, कर्वेनगर, शिवणे भागात शेगडीचे जेट बदलून देणारं कोणी खात्रीचं असेल तर प्लीज सुचवा, पोळ्या अजून कडकच होतायत.