ओव्हन्स अँड मरे लीग: कॅप आणि पॉइंट्समुळे दुबळा क्लब वर येतो का?

वोडोंगाकर

इथे क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावर धागा काढला की चार लोक येतात, त्यातले दोन विषयांतर करतात. तरी काढतोय.

ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या दोन्ही काठांवरची ही फूटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) लीग १८९३ पासूनची. क्लब दहा. ऑल्बरी, नॉर्थ ऑल्बरी आणि लॅव्हिंगटन नदीपलीकडे न्यू साउथ वेल्समध्ये. वोडोंगा, वोडोंगा रेडर्स, वांगारट्टा, वांगारट्टा रोव्हर्स, यारावोंगा, मर्टलफर्ड अलीकडे व्हिक्टोरियात. कोरोवा-रदरग्लेनचा एक पाय इकडे, एक तिकडे.

२०२२ ची फायनल वांगारट्टाने यारावोंगाविरुद्ध तीन गुणांनी जिंकली. (एक गोल सहा गुणांचा असतो, यावरून चुरस समजा.) नंतर चौकशीत निघालं की खेळाडूंना द्यायच्या पैशांची मर्यादा क्लबने ओलांडली होती. विजेतेपद गेलं. पुढच्या हंगामात, २०२३ ला, कोरोवा-रदरग्लेनला सिनिअर संघच उभा करता आला नाही. पोरंच नव्हती.

पहिल्या बातमीवर महिनोन् महिने चर्चा झाली. दुसरीवर लोक "अरेरे" म्हणाले आणि पुढे गेले. माझ्या मते लीगचा खरा आजार दुसऱ्या बातमीत आहे, आणि आपण औषध पहिल्या बातमीचं घेत बसलोय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

नियम माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. व्हिक्टोरियातल्या गावपातळीच्या फूटीत २०१६ ला पॉइंट सिस्टीम आली आणि २०१७ ला सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या पैशांवरची ती मर्यादा. क्लबच्या ज्युनिअरमधून वर आलेल्या खेळाडूचा एक पॉइंट. बाहेरून आणलेल्याचे जास्त, आणि एएफएल (देशातली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) खेळून नुकताच उतरलेला असेल तर सहापर्यंत. त्या दिवशीच्या संघाची बेरीज ठरलेल्या आकड्यात बसली पाहिजे. खेळाडू क्लबात टिकला तर दर वर्षी त्याचा एक पॉइंट कमी होतो. तळाच्या क्लबला लीग जास्त पॉइंट देऊ शकते, वरच्याचे कापू शकते.

कागदावर सुरेख. पण कोरोवाला उद्या दहा पॉइंट वाढवून दिले तरी ते खर्च करायला तिथे यायला कोण तयार आहे?

डावाकाठचा

सगळ्यांना सारखं करायच्या नादात चांगल्या क्लबांना शिक्षा का? २००९, १०, ११ ला ऑल्बरी जिंकलं. २०१२ आणि १३ ला यारावोंगा. पुन्हा २०१४, १५ ला ऑल्बरी. सात वर्षं दोनच नावं, आणि त्या सात वर्षांत लीग मेली नाही. उलट फेव्होला यारावोंगाला आला तेव्हा लोक गावोगावहून त्याला बघायला जायचे. एएफएलमध्ये दोनदा हंगामातले सर्वाधिक गोल मारणारा माणूस शनिवारी दुपारी आपल्या गावच्या मैदानावर खेळतोय! तो मर्टलफर्डला खेळायला गेला की तिकिटाचे पैसे मर्टलफर्डच्या गल्ल्यात पडायचे. दुबळ्या क्लबला त्या एका शनिवारी जेवढं मिळालं असेल तेवढं तुमच्या पॉइंट सिस्टीमने मिळवून दिलंय का?

चांगली कमिटी, चांगला कोच, चांगले प्रायोजक ही मेहनत असते. ती केल्याबद्दल पॉइंट कापायचे, म्हणजे अभ्यास करणाऱ्या पोराचे मार्क कमी करून ढ पोराला वाटायचे.

हिशेबनीस

डावाकाठचे, ते "चांगले प्रायोजक" काय असतात ते जरा खजिनदाराच्या खुर्चीतून बघा. मी एका क्लबात (नाव नको) हिशेब बघतो. आमचे प्रायोजक म्हणजे गावातलं पब, ट्रॅक्टरवाला आणि एक टायरचं दुकान. उत्पन्न म्हणजे गेटचे पैसे, बारचा गल्ला, कॅन्टीनमधले मीट-पाय (खिम्याचे पॅटिस) आणि चिप्स आणि मटणाच्या ट्रेची सोडत. गुरुवारी सरावानंतर जेवण असतं, तिथेच शनिवारचा संघ वाचून दाखवतात. ते जेवणसुद्धा आया आळीपाळीने करतात म्हणून परवडतं.

कॅपच्या आधी काय व्हायचं सांगतो. शेजारच्या क्लबने एखाद्याला सामन्यामागे अमुक दिले की आमच्या कमिटीत कुणीतरी टेबलावर हात आपटायचा, "आपण शंभर जास्त देऊ!" ते शंभर कुठून येणार हे विचारणारा मी एकटा. पुढच्या वर्षी शेजारी आणखी शंभर वाढवणार. जिंको कोणीही, दोघांची तिजोरी रिकामी. कॅपने आम्हाला वर नेलं नाही हे खरं, पण "नियमात बसत नाही" एवढं म्हणायची सोय झाली. माझ्यासाठी ते पुष्कळ आहे.

डावाकाठचा

म्हणजे तुमच्या कमिटीला "नाही" म्हणता येत नाही, म्हणून ऑल्बरीने हात बांधून घ्यायचे?

हिशेबनीस

हो. लीग म्हणजे तेच. समोर खेळायला कुणीतरी शिल्लक राहावं लागतं. ऑल्बरी एकट्याने खेळणार आहे का?

सनदी_संशयी

कॅप, कॅप काय लावलंय! बँकेतून गेलेला पैसा दिसतो. प्रायोजकाने पोराला आपल्या वर्कशॉपवर नोकरीला ठेवलं, राहायला मागची खोली दिली, वापरायला गाडी दिली, तर ते कुठल्या रकान्यात लिहिणार? नियमात तेही धरायचं असतं म्हणे. धरणार कोण? चौकशी करायला माणसं किती, क्लब किती! ज्यांच्या वह्या नीट लिहिलेल्या त्यांनाच पकडता येतं. ज्यांनी काहीच लिहिलं नाही ते साव.

एएफएलमध्ये तरी काय वेगळं होतं? २००२ ला कार्लटन क्लबला कॅप मोडल्याबद्दल नऊ लाख तीस हजार डॉलर दंड झाला, ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू क्लबांनी क्रमाने उचलायची पद्धत) निवडी गेल्या. तिथे पूर्णवेळ हिशेब तपासणारे असतात, तरी ही कथा.

मेलबर्नचा_मिलिंद

पैसा हेच मूळ कारण असं सगळे गृहीत धरताय, म्हणून एक उलट उदाहरण. मेलबर्नमधली व्हिक्टोरियन अमॅच्युअर लीग १८९२ पासूनची. तिथे खेळाडूला पैसे द्यायचेच नाहीत, वरून वर्गणी घ्यायची. वर-खाली जायची सोय आहे: जिंकलात तर वरच्या गटात, हरलात तर खालच्या. एवढं असून नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ओल्ड झेव्हेरियन्सने वरच्या गटाचं विजेतेपद ओळीने सहा वर्षं नेलं. झेवियर कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा क्लब तो. शाळेतून दर वर्षी तयार पोरांची खेप, आणि शहराच्या बाहेर कोण जात नाही.

तेव्हा पैसा काढून टाकला तरी पोरं जिथे जमतात तिथे बळ जमतं. वोडोंगाकरांचा मुद्दा मला पटतो तो इथे.

वोडोंगाकर

धन्यवाद. आणि डावाकाठचे, सात वर्षं दोनच नावं याचा तुम्ही अभिमान बाळगताय, पण नियम आल्यानंतर २०१७ ला वांगारट्टा आणि २०१९ ला लॅव्हिंगटन जिंकलं, हेही सांगा. म्हणजे वरच्या चार-पाच क्लबांत अदलाबदल सुरू झाली. नियमांना तेवढं श्रेय द्यायला माझी हरकत नाही. पण लीगवाले समतोल मोजतात फायनलला कोण आलं यावरून. मी म्हणतो तळाला कोण आहे ते बघा, आणि किती वर्षं तेच तळाला आहेत ते बघा. शंभराहून जास्त गुणांनी हरायचं, पुढच्या शनिवारी परत हरायला जायचं, हे विशीतला पोरगा किती दिवस करेल? तो शेजारच्या लीगमध्ये निघून जातो. मग रिझर्व्हजमधला (क्लबचा दुसरा संघ) एक सिनिअरमध्ये, अंडर एटीनमधला एक रिझर्व्हजमध्ये, आणि सतरा वर्षांच्या पोरावर तीस वर्षांचा बाप्या येऊन आदळतो. त्याची आई त्याला पुढच्या वर्षी पाठवत नाही. तळाचा क्लब असा आतून पोखरला जातो.

साताऱ्याचा_रेडर

मला फूटीतलं काही कळत नाही, पण हे वाचून आमच्याकडची कबड्डी आठवली. आमच्याकडे स्पर्धेच्या पत्रकावरच छापतात: "एक गाव एक संघ, आधार कार्ड सक्तीचे." बाहेरचा रेडर आणला की संघ बाद. वजनी गट असेल तर काटा पण असतो. तुम्ही पॉइंट मोजण्यापेक्षा सरळ आधार कार्ड बघा ना! ज्याचं गाव त्याचा संघ. विषय संपला.

मर्टलफर्डवाले

साताऱ्याचे भाऊ, कल्पना झकास, पण नकाशा बघा. ऑल्बरी-वोडोंगा मिळून लाखाच्या घरात लोक. त्यावर पाच क्लब. मर्टलफर्ड हे डोंगराच्या पायथ्याचं तीन-चार हजारांचं गाव. तंबाखूची शेती होती तोवर बरी वर्दळ होती, इटलीहून आलेली कितीतरी कुटुंबं तिथलीच. २००६ मध्ये तंबाखू संपली. तुमचं आधार कार्ड लावलं तर आम्ही पुढच्या हंगामाला गाशा गुंडाळतो.

बाहेरचे खेळाडू ही श्रीमंतांची चैन आहे असं वाचून हसू येतं. आम्हाला ते पोटापाण्याला लागतात. पोरगं बारावी झालं की मेलबर्नला शिकायला जातं. शनिवारी तीन-साडेतीन तास गाडी मारून गावाकडून खेळायला यावं म्हणून पेट्रोलचे पैसे द्यावे लागतात. यात लाड कसले?

साताऱ्याचा_रेडर

मग आमच्याकडे पुण्याला गेलेली पोरं जत्रेला येतातच की, पेट्रोल कोण देतंय!

मर्टलफर्डवाले

जत्रा वर्षातून एकदा, हो. इथे एप्रिल ते सप्टेंबर.

नेटबॉलची_आई

तुम्ही सगळे पुरुष सिनिअर संघाबद्दलच बोलताय म्हणून लिहिते. हा फुटबॉल-नेटबॉल क्लब असतो. माझी मुलगी नेटबॉल खेळते, त्याच मैदानाच्या कडेच्या कोर्टवर. सिनिअर संघ नसला की गर्दी येत नाही, बार चालत नाही, आणि कोर्टवरच्या दिव्यांचा खर्च त्याच गल्ल्यातून निघतो. पॉइंट, कॅप, प्रत्येक बैठकीत दोन तास त्यावर. मुलींच्या संघाला कोच मिळत नाही यावर दहा मिनिटं, तीही चहा झाल्यावर.

बाहेरच्या एका खेळाडूला हंगामभर जे देतात त्यात किती मुलींच्या बसचं भाडं निघेल, हिशेबनीस काका, तुम्हीच सांगा.

हिशेबनीस

ताई, तो आकडा इथे लिहिला तर गुरुवारी माझं जेवण बंद होईल.

वोडोंगाकर

ताईंनी बसचं काढलं ते बरं झालं, माझा प्रस्ताव तोच आहे. पॉइंट राहू द्या, कॅपही राहू द्या. त्याशिवाय, बाहेरच्या खेळाडूला दिलेल्या पैशांतला ठरावीक हिस्सा लीगच्या एका निधीत जावा, आणि त्या निधीतून फक्त तळाच्या तीन क्लबांचे ज्युनिअर कोच आणि बस. मुलगे आणि मुली दोन्ही. वरच्या क्लबने हवा त्याला आणावा, पण आणताना खालच्याचा पाया थोडा भरावा.

ड्राफ्टसारखं काही इथे चालणार नाही हे आधीच सांगतो. एएफएलने १९८६ पासून तळाच्या संघाला पहिली निवड दिली, कारण तिथे खेळणं हीच नोकरी आहे. इथे इलेक्ट्रिशियन पोराला सांगून बघा, की तुझी चिठ्ठी कोरोवाची निघाली. तो फूटी सोडून मासे धरायला जाईल.

डावाकाठचा

म्हणजे शेवटी ऑल्बरी आणि यारावोंगाच्या खिशात हात. मला माहीत होतं गाडी इथेच येणार. आणि ज्युनिअर तयार केले तरी अठराव्या वर्षी ते मेलबर्नलाच जाणार, मर्टलफर्डवाल्यांनी आत्ताच सांगितलं. तुमचा निधी मेलबर्नच्या क्लबांसाठी खेळाडू घडवेल.

मर्टलफर्डवाले

काही जातील, काही राहतील. जाणाऱ्याला शनिवारी परत यावंसं वाटतं ते लहानपणी त्या मैदानावर खेळलेला असतो म्हणूनच. जो इथे खेळलाच नाही त्याला कितीही पेट्रोल द्या.

सनदी_संशयी

निधी उत्तम. भरणार तो, जो पैसे दिल्याचं कागदावर दाखवतो. म्हणजे परत वह्या नीट लिहिणारेच भरणार.

मेलबर्नचा_मिलिंद

कुणी थेट बोलत नाही म्हणून विचारतो. ज्या क्लबला जमत नाही त्याने शेजारच्या, खालच्या दर्जाच्या ह्यूम किंवा टालंगाटा लीगमध्ये का जाऊ नये? मेलबर्नमध्ये खालच्या गटात गेलं की कुणी मरत नाही. दोन-तीन वर्षं जिंकतात, पोरं परत येतात, मग वर येतात.

मर्टलफर्डवाले

मेलबर्नमध्ये खालचा गट त्याच लीगमध्ये असतो, परतीचा रस्ता नियमातच लिहिलेला. इथे ती वेगळीच लीग. परत यायचं तर बाकीच्या क्लबांनी मतदान करून घ्यायला हवं. शिवाय त्या लीगमध्ये सराव कमी, प्रवास कमी, म्हणून आमचीच पोरं तिकडे जाऊन बसलीत. आम्ही तिकडे गेलो तर त्यांच्याच विरुद्ध खेळायचं, आणि ते आम्हाला ओळखून असतात.

हिशेबनीस

शिवाय तिकडे गेल्यावर वोडोंगाशी सामना नाही. आमच्या वर्षभरातला सगळ्यात मोठा गेट वोडोंगाचा असतो. तो गेला तर दिव्यांचं बिल मी कुठून भरू ते मिलिंदरावांनी सांगावं.