व्हास्ट, इमेन्स, एनॉर्मस : भाषांतर करताना व्युत्पत्ती बघायची की वापर?

कोशवाचक
इंग्रजीतल्या या तिन्ही शब्दांपुढे सरसकट ‘प्रचंड’ लिहून मोकळं व्हायची सवय सोडायला हवी. तिन्ही लॅटिनमधून आले, पण घडण वेगळी. व्हास्टच्या मुळाशी ओसाड, रिकामं हा अर्थ आहे. डिव्हॅस्टेट (उद्ध्वस्त करणं) आणि वेस्ट (ओसाड जमीन, नासाडी) त्याच घरातले. म्हणून तो वाळवंटाला, समुद्राला शोभतो. व्हास्ट कुत्रा कोणी म्हणत नाही. व्हास्टसाठी ‘विस्तीर्ण’ नाहीतर ‘अफाट’च हवं. एनॉर्मसमध्ये ‘नॉर्मा’ आहे, म्हणजे सुताराचा गुण्या (काटकोन तपासायचं साधन). गुण्यात न बसणारं ते ‘अवाढव्य’. आणि इमेन्स हा तर आपल्या ‘अमाप’चा चुलतभाऊ! त्यातला मोजण्याचा धातू आणि संस्कृतातला ‘मा’ (ज्यातून माप, मात्रा आले) मुळात एकच, नकाराचा ‘इन्’ आणि आपला ‘अ’सुद्धा एकाच मुळाचे.

बोरू
पूर्ण असहमत. मुळावरून प्रतिशब्द ठरवायचा तर ‘प्रचंड’चं काय करणार? चंड म्हणजे उग्र. ‘नाटक प्रचंड आवडलं’ म्हणताना उग्रपणा कोणाच्या मनात असतो? ‘व्हास्ट मेजॉरिटी’त ओसाड काय आहे? तिथे ‘बहुतांश लोक’ एवढंच लिहायचं. आधी विशेषणापुढचं नाम बघा. पुढे ‘प्रेशर’ असेल तर इमेन्सचं ‘प्रचंड दबाव’च होतं. पैसा अमाप, पीक अमाप. ‘अमाप दबाव’ मराठी कानाला खटकतं. ह्यूज जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मागचं मूळ निश्चित नाही. म्हणून त्याचं भाषांतर अडतं का कुठे?

मात्रा
बोरू, नामाचं बरोबर आहे, पण एनॉर्मसच्याच घरातल्या ‘एनॉर्मिटी’ या शब्दापाशी तुमची रीत तोकडी पडते. ‘एनॉर्मिटी ऑफ द क्राइम’चं ‘गुन्ह्याची व्याप्ती’ असं भाषांतर झालं की अर्थच गेला. नियमाबाहेरचं, म्हणून अघोरी, हा त्या शब्दाचा जुना अर्थ आहे आणि तो आजही जिवंत आहे. तिथे ‘गुन्ह्याचं अघोरीपण’ हवं. नुसत्या आकाराचा अर्थ १८व्या शतकाच्या अखेरीस रुळू लागला, आणि काटेकोर संपादक तो आजही खोडतात. गुण्या माहीत असेल तर हा घोटाळा होत नाही.

बोरू
एनॉर्मिटीचं मान्य. पण तिथेही निर्णय आजच्या वापरावरच झाला. ‘एनॉर्मिटी ऑफ द टास्क’ दिसलं तर ‘कामाचा अवाढव्य पसारा’च लिहावं लागेल, संपादक काहीही म्हणोत. आणि जंबो घ्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८६५मध्ये आलेल्या हत्तीचं हे नाव. १८८२मध्ये बार्नमच्या सर्कशीने त्याला अमेरिकेत नेलं, १८८५मध्ये कॅनडात रेल्वेची धडक बसून तो मेला. शब्द जगभर पसरला तो या हत्तीमुळे. मुंबईच्या लोकलचा ‘जंबोब्लॉक’ समजायला यातलं काय लागतं? ब्लॉक जास्त तासांचा आहे, एवढंच.

कोशवाचक
‘अमाप दबाव’ खटकतं, हे कबूल. माझा नियम नामाच्या कसोटीनंतर लावावा, आधी नाही. पण जंबोब्लॉकशेजारीच मेगाब्लॉक आहे. मेगा म्हणजे ग्रीक ‘मेगास’, आपल्या ‘महा’चा सगोत्र. ‘महाब्लॉक’ लिहिलं तर अर्थ तसूभरही ढळत नाही, आणि मथळ्यात एक अक्षरही वाढत नाही.